निरोगी क्रमांक एक

९ जानेवारी

ठकीस,

मामाचा आशीर्वाद आणि सोबत थोडी कुरकुर. आशीर्वाद नेहमीचाच, कुरकुर मात्र ताजी आहे.

परवा तू फोन केलास आणि मी सारखा "हो, हो" म्हणत होतो. तुला वाटलं असेल, मामाला सगळं कळलं. डोंबलाचं कळलं! अडतीस वर्षं लिफ्टच्या मोटारींशेजारी काढली, आता उजवा कान नुसता चष्म्याची काडी अडकवायला उरलाय. त्यातून तू बोलतेस पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी. म्हणून हे पत्र. तूही पत्रच पाठव, आणि अक्षर जरा मोठं काढ.

शनिवारी सरकारांची स्वारी आली होती. नातीला मी सरकार म्हणतो हे तुझ्या ताईला अजून पसंत नाही. म्हणते, "बाबा, लाडावून ठेवाल पोरीला." म्हटलं, तुला लाडावायचं राहून गेलं, ते आता व्याजासकट फेडतोय. तर सरकार जिन्याखाली उभ्या राहतात, दोन्ही हात वर करतात आणि मी पाठ पुढे करतो. चौपन्न पायऱ्या. जन्मभर लोकांच्या लिफ्ट चालू ठेवल्या आणि स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, यावर तुझी मामी दिवसातून एकदा तरी हसून घेते.

कधीकधी मात्र सरकार हट्टानं पहिल्या दहा पायऱ्या स्वतः चढतात. अकरावीवर थांबतात. रडत नाहीत, तक्रार करत नाहीत, फक्त कठड्याला टेकून म्हणतात, "आजोबा, माझी बॅटरी संपली." त्यांच्यासाठी दुसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या वळणावर भिंतीला घडीची लाकडी बैठक ठोकलीय. तिचं नाव सिंहासन. त्यावर बसून सरकार जिन्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करतात.

डॉक्टर म्हणतात, हिच्या पेशींत काहीतरी साठत जातं आणि शक्ती कमी पडते. काय साठतं? कशानं? तू तीन वर्षं याच आजारामागे लागली आहेस. मला एकदा नीट सांग, लिफ्टवाल्याला समजेल असं. आणि ते औषध कधी होणार तेही सांग. सरकार सात वर्षांच्या झाल्या, माझे गुडघे अडुसष्ट वर्षांचे. अजून दोन वर्षं मी तिला वर नेईन. त्यापुढचं तू बघ.

मामी विचारतेय, वेळेवर जेवतेस का. मीच "हो" असं उत्तर देऊन टाकलं आहे.

तुझा मामा


२१ जानेवारी

प्रिय मामा,

अक्षर मोठं काढलंय. आता तक्रार केलीस तर पुढचं पत्र भिंतीवर लिहीन.

आता ऐक. आपलं शरीर पेशींचं. प्रत्येक पेशी म्हणजे तुझी ती इमारत समज. इमारतीत रोज कचरा होतो. तो फोडून, निवडून, पुन्हा वापरायला देणारी एक खोली पेशीत असते. तिथे वेगवेगळे कामगार असतात, त्यांना विकरं म्हणतात. प्रत्येकाला एकाच जातीचा कचरा फोडता येतो. आपल्या सरकारांच्या पेशींत त्यातला एक कामगार जवळजवळ कामावरच येत नाही. बाकी सगळे राबतात, पण त्याच्या वाट्याचा कचरा तसाच राहतो, साठत जातो. म्हणून पोट फुगतं. याला साठवणीचा आजार म्हणतात.

आता माझं काम. इमारतीला वीज लागते. ती करणारी यंत्रं म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. ताईच्या शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हटलं होतं, आठवतं? ही यंत्रं जुनी झाली की त्याच कचऱ्याच्या खोलीत मोडीत निघतात आणि नवी बसतात. पण खोलीच तुंबली असेल तर? मोडकी यंत्रं तिथेच धूर काढत पडून राहतात आणि नव्यांना जागा मिळत नाही. अकराव्या पायरीवर बॅटरी संपते ती अशी, असं माझं म्हणणं आहे. सरकारांनी सात वर्षांच्या वयात जे एका वाक्यात सांगितलं ते सिद्ध करायला मला तीन वर्षं लागली आणि अजून ते झालेलं नाही.

एक जुनी गोळी आहे, पोटाच्या एका साध्या दुखण्यासाठी पूर्वीपासून वापरात असलेली. माझा अंदाज आहे की ती त्या गैरहजर कामगाराला हाताला धरून कामावर आणते. गोळी जुनी, माणसांना चालते हे माहीत, म्हणजे मुलांवर चाचणी लवकर होऊ शकेल. सात आजारी मुलांच्या पेशी आमच्याकडे बाटल्यांत वाढतात. मी त्यांना गोळीचं औषध देते, मग त्यांची वीज मोजते आणि निरोगी माणसाच्या पेशींशी ताडून बघते.

आमच्याकडे एक रीत आहे. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी दंडावरची तिळाएवढी कातडी द्यायची. तिच्यातून पेशी वाढवतात. "निरोगी" हवेत ना! मीही दिली. तशा निरोगी बाटल्या तीन होत्या. दोनांना बुरशी लागली, उरले मी. माझ्या बाटलीवर लिहिलंय, "निरोगी क्रमांक एक". मला त्याचा जरा गर्वच आहे. शाळेत माझा कधी कशात पहिला क्रमांक आला नव्हता.

तुझ्याकडे एक काम आहे. सोबतच्या कागदावर खानदानाचा तक्ता आखलाय. आपल्याकडे आणि मामीच्या माहेरी कुणी लहानपणी गेलं का, कुणाचं पोट फुगलेलं असायचं का, ते भर. हा आजार होण्यासाठी आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन खोट्या किल्ल्या, म्हणजे बिघडलेली जनुकं, याव्या लागतात. एकच आली तर माणसाला काही होत नाही, तो फक्त ती पुढे देऊ शकतो. जावयांकडून एक आली हे नक्की. दुसरी ताईकडून. ताईकडे ती तुझ्याकडून आली की मामीकडून, ते मला हवंय.

मी वेळेवर जेवते. (मामीला हेच सांग.)

ठकी


३ फेब्रुवारी

ठकीस आशीर्वाद.

तक्ता भरून पाठवतोय. रेघा तू वाकड्या आखल्या होत्यास, मी पट्टी घेऊन सरळ केल्या.

आपल्याकडे सगळे ठणठणीत. माझे वडील ब्याऐंशीव्या वर्षी जिना उतरताना गेले, तेही भांडायला निघाले होते म्हणून. तुझी आई बिचारी लवकर गेली, पण तो तापाचा घोळ होता, त्याचा याच्याशी संबंध नाही. मामीकडचं तूच काय ते समज. तिचा एक चुलतभाऊ लहानपणी गेला असं ती म्हणते. कशानं, कुणालाच ठाऊक नाही.

माझ्याकडे तुझ्या इमारतीबद्दल एक शंका आहे. एक कामगार येत नसेल तर बाकीच्यांना ते काम शिकवता येत नाही का? आमच्या कंपनीत तर वायरमन आला नाही की मलाच तारा ओढाव्या लागायच्या.

सरकार आता अकराव्या पायरीऐवजी नवव्या पायरीवर थांबतात. मी तिथेच पाठ पुढे करतो.

मामा


११ मार्च

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे होतं, पण लिहावंसं वाटत नव्हतं.

माझं गणित जमत नाहीये. आजारी पेशींची वीज निरोगी पेशींपेक्षा खूप कमी असायला हवी. आहे ती थोडीशीच कमी. औषध दिल्यावर ती वाढते, पण तीही इतकीशी की मोजण्यातली चूक म्हणून कुणीही झटकून टाकेल. अकरा वेळा प्रयोग केला. अकराही वेळा तेच. आमच्या प्रमुख बाई स्वभावानं फार चांगल्या आहेत, म्हणून काल त्यांनी मला आधी चहा दिला आणि मग सांगितलं. मेअखेर हे काम बंद. बाटल्या गोठवून ठेवायच्या, टेबल दुसऱ्याला द्यायचं. "तुझा विचार सुंदर होता," म्हणाल्या. होता!

माझ्याबरोबर काम करणारा लंबू दिवसभर माझ्याशी हळू आवाजात बोलत होता, जसं काही माझ्या घरी कुणी आजारी आहे. आणि खरंच तर आहे.

मामा, मला तुझी माफी मागायची आहे. तू म्हणालास, दोन वर्षं मी नेईन, पुढचं तू बघ. मला ते नाही जमलं. सरकारांना यातलं काही सांगू नकोस.

आणि एक सांगायचंय. तक्त्यावरून दिसतं की दुसरी किल्ली मामीच्या माहेरून आली. तिला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको. यात कुणाचाच दोष नसतो. डोळ्यांचा रंग यावा तसं येतं हे, कुणी कुणाला मुद्दाम देत नाही. हे तिला नीट समजावून सांग, माझ्या वतीनं.

ठकी


२० मार्च

ठकी,

आज आशीर्वाद शेवटी देतो, घ्यावासा वाटला तर घे.

तुझं पत्र आलं तेव्हा चष्मा मामीच्या हाताशी होता, म्हणून तिनंच ते मोठ्यानं वाचलं. "मामीच्या माहेरून आली" इथवर आली आणि थांबली. मग पुढचंही वाचलं, दोष नसतो वगैरे, आणि पत्राची घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. गेली सहा वर्षं हेच चाललंय. आपल्या घरात कधी कुणी तिला तोंडावर काही म्हटलं नाही, पण मनात सगळ्यांनी तसंच धरलेलं, आणि तिनंही.

शनिवारी सरकार आल्या. मी खाली जायला चपला घालतोय तोवर मामी जिन्यात पोचली होती. म्हणाली, "आज मी आणते तिला. माझ्याकडून आलंय ना, मग मीच उचलायला हवं." कंबर तिची अशी, डबा उचलायचा तर दोनदा विचार करते. आणि पोरीला पाठीवर घेऊन पंचवीस पायऱ्या चढली. मग सिंहासनावर बसली आणि मला म्हणाली, "अहो, बघत काय बसलात, पाणी आणा."

मी पाणी आणायला वर गेलो आणि स्वयंपाकघरात उभा राहून लहान मुलासारखा रडलो. ठकी, मी तुझ्या तक्त्यात खोटं लिहिलं.

मला एक धाकटा भाऊ होता. त्याला सगळे बाळ्या म्हणायचे. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याचं पोट हे एवढं पुढे आलेलं आणि पाय काटक्या. चार पावलं चालला की बसायचा. मी त्याला पाठीवर घेऊन फिरवायचो, आत्ता सरकारांना घेतो तसाच. तो पाच वर्षांचा असताना गेला. मी सात वर्षांचा होतो. तुझी आई तेव्हा जन्मलीही नव्हती. वडिलांनी घरात त्याचं नाव काढायचं नाही असं सांगून टाकलं. पुढे मुलामुलींची लग्नं व्हायची होती, लोक काय म्हणतील. आईनं त्याचे कपडे देऊन टाकले. तुझ्या आईला तिला एक भाऊ होता हे कधी कळलंच नाही, आणि मीही इतकी वर्षं सांगितलं नाही. सवय झाली होती. आणि लाज वाटत होती, आधी भावाची, मग न सांगितल्याची.

काल मामीला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला आणि तुम्ही मला एक दीर होता हे सांगितलं नाहीत." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. चहा समोर आपटून ठेवते. चहा मात्र रोजच्यापेक्षा चांगला होतो आहे, हे कसं ते मला कळत नाही.

हे तुझ्या काही उपयोगाचं नाही, मला माहीत आहे. काम तर बंद झालं. पण तक्ता खरा असावा म्हणून लिहिलं. बाळ्याच्या नावाचा चौकोन आखून घे. सरळ आख.

आशीर्वाद.

मामा


२५ मार्च

मामा,

घाईत आहे. तुझं पत्र प्रयोगशाळेत उभ्या उभ्या वाचलं, दोनदा. मग शर्टाची बाही वर केली आणि दंडावरचा तो तिळाएवढा व्रण बघत बसले. मग मी इतक्या जोरात ओरडले की लंबूच्या हातातली बाटली पडली.

आज रक्त दिलं. निकाल आठवड्यात. काही विचारू नकोस. मामीला माझ्याकडून पाया पडते म्हणून सांग, ती बोलत नसेल तर लिहून दाखव.

ठकी


३० मार्च

ठकी,

हे काय लिहिणं झालं? रक्त कशाला दिलं? व्रण कसला? मी बाळ्याचं लिहिलं आणि तू दंड बघून ओरडलीस, याचा अर्थ मी काय घ्यायचा? तुला तो आजार झालाय का? दम लागतो का? पोट कसं आहे? खरं सांग, मी आता काही लपवणार नाही आणि तूही लपवायचं नाहीस.

मामी यावर बोलली, एवढाच काय तो फायदा. म्हणाली, "पोरीला घाबरवलंत तुम्ही." म्हणजे झालं ते मीच केलं. तरी पण बोलली.

या पत्राला उलट टपाली उत्तर पाहिजे. फोन केलास तरी चालेल, डाव्या कानाला धरीन.

मामा


५ एप्रिल

मामा, मामा, मामा,

मी घोड्यासारखी धडधाकट आहे! फोनवर हे मी चार वेळा ओरडून सांगितलं आणि तू चारही वेळा "काय?" म्हणालास, म्हणून पुन्हा लिहिते. मला आजार नाही. माझ्याकडे एक खोटी किल्ली आहे. एकच. आज निकाल आला. मला काही होत नाही, होणारही नाही. फक्त मी ती जवळ बाळगते.

आता नीट बस आणि वाच. बाळ्यामामाला तो आजार होता, म्हणजे आजी आणि आजोबा दोघांकडेही एकेक खोटी किल्ली होती. म्हणजे ती तुझ्याकडे आली असेल, माझ्या आईकडे आली असेल, आणि आईकडून माझ्याकडे आली असण्याची शक्यता तीनात एक. मी त्या तीनातली एक निघाले.

आणि एक किल्ली खोटी असली की तो कामगार पूर्ण गैरहजर नसतो, पण अर्धाच वेळ येतो. माणसाला ते पुरतं. पण बाटलीतल्या माझ्या पेशींची वीज खऱ्या निरोगी माणसापेक्षा कमीच असणार! आम्ही निरोगी म्हणजे शंभर असं धरून चालतो आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडतो. आजारी पेशी आमच्याकडे ऐंशी भरत होत्या. पण ते शंभर शंभर नव्हतेच, मामा! ते मी होते! आणि औषध मी दोन्हींना द्यायचे, त्यानं माझ्याही पेशींची वीज चढायची, म्हणून मुलांची वाढ झाकली जायची. तीन वर्षं सात मुलांना मी एका अर्ध्या-निरोगी बाईशी ताडून बघत होते आणि फरक का दिसत नाही म्हणून डोकं आपटत होते. ऐकायला विचित्र वाटेल, पण घराण्यात आजार असलेल्या माणसानं त्याच आजाराच्या प्रयोगात आपलीच कातडी वापरावी, ही चूक फक्त मीच करू शकते. मला वाटत होतं ते मामीच्या माहेरचं आहे, माझ्याशी त्याचा काय संबंध!

बाईंना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, मग माझ्या पाठीवर मारला, आणि मेअखेरपर्यंत जे करायचं ते कर म्हणाल्या. शेजारच्या प्रयोगशाळेकडून दोन निरोगी बाटल्या उसन्या मिळाल्या आहेत. तिसरीसाठी लंबूनं कातडी दिली. तो सहा फूट तीन इंच आहे आणि सुई बघून चक्कर येऊन पडला. दोघांनी धरलं. त्याच्या घराण्याची आधी पूर्ण चौकशी केली, अगदी मागच्या तीन पिढ्यांची, जसं काही सोयरीकच जुळवायची आहे.

आता एक तू कर. सोबत दोन नळ्या पाठवते आहे. एकीत तू थुंक, एकीत मामी. झाकण घट्ट लाव. नळ्यांची अदलाबदल केलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

ठकी


२२ मे

प्रिय मामा आणि मामी,

हे पत्र मोठ्यानं वाचा. मामीनं वाचावं.

खऱ्या निरोगी पेशींशी ताडलं तर आपल्या सात मुलांच्या पेशींची वीज चाळीसच भरते. चाळीस! मोडकी यंत्रं ढिगानं पडली आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली ती सरळ दिसतात. आणि औषध दिल्यावर? आठवडाभरानं पंच्याहत्तर. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. पाचव्या वेळी बाटल्यांवरची नावं झाकून बाईंनी स्वतः मोजलं. मोजून झाल्यावर त्या खुर्चीवरून उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून नाक पुसलं. मग वळून म्हणाल्या, "तुझा विचार सुंदर आहे." आहे!

काम बंद होत नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांबरोबर बारा मुलांवर चाचणी ठरते आहे. कुणाला घ्यायचं हे डॉक्टर ठरवणार, मी नात्यातली म्हणून त्या खोलीतही जाणार नाही. पण ताईनं अर्ज दिला आहे. आणि एक खरं सांगून ठेवते. बाटलीत जमलं म्हणजे माणसात जमेलच असं नाही. पण मला आज नाचावंसं वाटतंय आणि मी नाचणार आहे. लंबूला कुबड्यासारखा वाकवून त्याच्याबरोबर.

आता नळ्यांचा निकाल. मामा, तुझ्याकडे एक खोटी किल्ली आहे. मामीकडे एकही नाही. मामी, ऐकलंस? तुझ्याकडून काहीही आलेलं नाही. पंचवीस पायऱ्या फुकट चढलीस.

माझ्या बाटलीवरचं "निरोगी क्रमांक एक" खोडलं. पेशी मात्र टाकल्या नाहीत, एका किल्लीवाल्यांचा अभ्यास करायला त्या उपयोगी आहेत. नवी चिठ्ठी लावायची होती. मी त्यावर "बाळ्याची भाची" असं लिहिलं. बाईंनी विचारलं, बाळ्या कोण? मी सांगितलं. पूर्ण सांगितलं.

ठकी


३० मे

ठकीस, मामा-मामीचा आशीर्वाद. आज तो मोजून दुप्पट आहे.

मामीनं तुझं पत्र वाचलं. "एकही नाही" इथवर आली, थांबली, ते वाक्य पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा. मग चष्मा काढून मला म्हणाली, "आता तुम्ही उचलायचं, मरेपर्यंत." मी म्हटलं, मंजूर. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. तिचा हात धरून मी बसून राहिलो. चाळीस वर्षांत मी तिची इतकी माफी कधी मागितली नव्हती. तिनं सगळी ठेवून घेतली, एकही परत केली नाही.

तुझ्या चुकीबद्दल एक ऐक, म्हणजे तुला फार लाज वाटणार नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका सात मजली इमारतीत लिफ्टची दारं बसवली. सातही मजल्यांवर लिफ्ट जमिनीपासून एक इंच वर थांबायची. चार दिवस मोटारीशी झगडलो, ब्रेक खोलले, तारा बदलल्या. पाचव्या दिवशी कुणीतरी दाखवलं, माझ्या मोजपट्टीचा पहिला इंच तुटून गेला होता. मी सगळं तपासलं होतं, पट्टी सोडून. तुला हे आधी सांगितलं असतं तर तीन वर्षं वाचली असती का? कोण जाणे. पण मीही ती गोष्ट लपवूनच ठेवली होती. लपवायची खोडच वाईट.

मामीनं बाळ्याचं नाव सरकारांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यालाही सिंहासन होतं का?" मी म्हटलं, नाही, माझी पाठ होती. त्यावर सरकार म्हणाल्या, "मग चाललं असेल."

मामा


१४ नोव्हेंबर, पुढच्या वर्षीचा

ठकीमावशी,

मी लिहितेय. आजोबा शेजारी बसून अक्षर मोठं काढ म्हणतायत.

मला औषध सुरू होऊन एक वर्ष झालं. गोळी कडू आहे. तू ती गोड करू शकत नाहीस का? आई म्हणते, असं विचारायचं नसतं. मी विचारलं.

माझं पोट आता सदऱ्यात मावतं. शाळेत मी पळण्याच्या शर्यतीत होते. शेवटून दुसरी आले. आजोबांनी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की मी दुसरी आले. तू त्यांना रागाव, ते पुन्हा लपवतात.

काल मी जिन्याखाली गेले आणि आजोबांनी पाठ पुढे केली. मी म्हटलं, नको, आज मी बघते. दहा झाल्या. अकरावीवर थांबले, कारण सवय आहे. आजोबा म्हणाले, बॅटरी? मी म्हटलं, आहे. मग वीस झाल्या, तीस झाल्या. आजोबा मागून मोजत होते. आधी मोठ्यानं, मग हळू, मग मोजायचेच बंद झाले. मी वळून पाहिलं तर ते माझ्या सिंहासनावर बसले होते. चष्मा काढून पुसत होते आणि त्यांना दम लागला होता. म्हणाले, "सरकार, माझी बॅटरी संपली."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही बसा निवांत, घाई नाही. मी वर जाऊन आजीला दार उघडायला सांगते आणि तुम्हाला न्यायला परत येते.

आणि मी आले.

तुझी,
सरकार